लेओश यानाचेक : माणसांचं बोलणं सुरांत लिहून ठेवणारा चेक संगीतकार

दहिवर

गेली चार वर्षं नोकरीनिमित्त बर्नोला राहते आहे. चेक प्रजासत्ताकातलं प्रागनंतरचं हे दुसरं मोठं शहर. आले त्या पहिल्या हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर दोन बायका बोलत उभ्या होत्या. मला चेक भाषेचं अक्षरही येत नव्हतं. तरी एक बाई दुसरीला रागावते आहे, आणि दुसरीनं ते मनावर घेतलेलं नाही, एवढं मला लख्ख कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर माझा सहकारी म्हणाला, "मग यानाचेक ऐक. तो आयुष्यभर हेच करत होता."

तेव्हापासून ऐकते आहे. मराठीत त्याच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

लेओश यानाचेकचा जन्म ३ जुलै १८५४ चा, मोराविया प्रांतातल्या हुकवाल्दी गावचा. वडील शाळामास्तर, घर शाळेच्याच इमारतीत, पोरं बरीच आणि पैसा बेताचा. ११ व्या वर्षी त्याला बर्नोच्या ऑगस्टिनियन मठात गाणाऱ्या मुलांमध्ये ठेवलं. तिथे पावेल क्रिझकोव्हस्की हे संगीतगुरू भेटले. वाटाण्यांवर प्रयोग करणारा ग्रेगोर मेंडेल याच मठातला. पुढे तो मठाधिपती झाला आणि १८८४ साली वारला, तेव्हा अंत्यविधीच्या संगीताची बाजू यानाचेकनं सांभाळली. शाळेच्या पुस्तकात वाचलेला मेंडेल आणि हा संगीतकार एकाच अंगणातले, हे कळलं तेव्हा मी त्या मठापुढे बराच वेळ उभी राहिले होते.

प्रागला ऑर्गन शिकायला गेला तेव्हा पियानो भाड्यानं घेण्याइतकेही पैसे नव्हते. टेबलावर खडूनं पट्ट्या आखून तो बोटं चालवायचा. नंतर लाइपझिग आणि व्हिएन्नाला थोडं शिक्षण झालं, पण तिथे त्याचं मन रमलं नाही. १८८१ मध्ये त्यानं बर्नोत ऑर्गन शाळा काढली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ती चालवली. म्हणजे नोकरी, शिकवण्या, समूहगायनाच्या तालमी, आणि उरलेल्या वेळात संगीतरचना.

आता मुख्य गोष्ट. साधारण १८९७ पासून त्यानं खिशात वही ठेवायला सुरुवात केली. बाजारात, आगगाडीत, रस्त्यावर कुणी काही बोललं की त्या बोलण्याचा चढउतार तो पाच रेघांवर स्वरांत लिहायचा. खाली शब्द, बाजूला कोण, कुठे, कशा मनःस्थितीत बोललं याची टीप. चेकमध्ये याला 'नापेव्हकी म्लुव्ही' म्हणतात, आपण बोलण्यातल्या सुरावटी म्हणू. भाजीवालीची हाक, पोरांचं भांडण, कोंबड्या, कुत्री, समुद्राच्या लाटा, काहीच त्यानं सोडलं नाही. त्याचं म्हणणं असं, की शब्द खोटं बोलू शकतात, पण शब्द ज्या सुरात येतात तो सूर माणसाला फसवता येत नाही. १९२० च्या दशकात तर त्यानं हिपचा क्रोनोस्कोप वापरायला घेतला. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं हे यंत्र मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं. एक शब्द उच्चारायला नेमका किती वेळ लागतो, ते त्याला हवं होतं.

आणि याच वहीत त्याच्या मुलीचंही बोलणं आहे.

ओल्गा. १८८२ चा जन्म. धाकटा व्लादिमिर अडीच वर्षांचा होण्याआधीच गेला होता, त्यामुळे ती एकटीच उरलेली. १९०२ मध्ये ती रशियन शिकायला काकांकडे सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथे तिला विषमज्वर झाला. वर्षभर आजार रेंगाळला. त्या वेळी यानाचेक 'येनूफा' हा ऑपेरा लिहीत होता, नऊ वर्षांपासून. ओल्गाला तो फार आवडायचा. आपल्याला तो रंगमंचावर बघायला मिळणार नाही हे तिला कळून चुकलं होतं, म्हणून तिनं वडिलांना सगळा वाजवून दाखवायला सांगितलं. त्यांनी तो वाजवला. २६ फेब्रुवारी १९०३ ला ती गेली, २० वर्षांची. त्या शेवटच्या दिवसांतलं तिचं बोलणं त्यानं स्वरांत उतरवून ठेवलं आहे. ऑपेरा तिच्या स्मृतीला अर्पण केला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो माणूस निर्दय वाटला. मुलगी जाते आहे आणि बाप स्वर लिहितो आहे. मागच्या वर्षी माझी आजी गेली. मला पोचता आलं नाही. फोनमध्ये तिचा एक आवाज राहिला आहे, चार सेकंदांचा : "जेवलीस का गं?" तो मी इतक्या वेळा ऐकला, की एक दिवस पेटीवर बसवून बघितला. 'जेव' एकाच स्वरावर, 'लीस'वर एकदम वर, 'का' तिथून जरा खाली, आणि 'गं' अगदी सावकाश उतरून मूळ स्वराच्याही खाली टेकतो. तिच्या प्रत्येक प्रश्नाचा शेवट असाच टेकायचा, हे ती असताना माझ्या कधी लक्षात आलं नाही. आता यानाचेकची ती पानं मला निर्दय वाटत नाहीत.

'येनूफा' २१ जानेवारी १९०४ ला बर्नोत झाला आणि इथल्या लोकांनी डोक्यावर घेतला. पण प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह १२ वर्षं नाही म्हणत राहिलं. तिथला प्रमुख कारेल कोवार्झोवित्स हा स्वतः संगीतकार, आणि १८८७ मध्ये यानाचेकनं त्याच्या ऑपेरावर झोंबणारी टीका लिहिली होती. शेवटी २६ मे १९१६ ला प्रागला प्रयोग झाला, तोही कोवार्झोवित्सनं वाद्यरचनेत फेरफार करून. लोक वेडे झाले. यानाचेक तेव्हा ६१ वर्षांचा होता. १९१८ मध्ये माक्स ब्रोडच्या जर्मन भाषांतरातून तो व्हिएन्नाला पोचला.

आज जगभर त्याचं जे वाजतं त्यातलं बहुतेक या प्रयोगानंतरच्या १२ वर्षांतलं आहे : 'कात्या काबानोव्हा', धूर्त कोल्हिणीचा ऑपेरा, 'माक्रोपुलोस', वाद्यवृंदासाठीची सिंफोनिएत्ता, ग्लागोलिटिक मास हे चर्चचं प्रार्थनासंगीत, दोन्ही स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांच्या रचना). ज्या वयात माणसं पेन्शनचे कागद नीट लावून ठेवतात, त्या वयात हा सुरू झाला. १२ ऑगस्ट १९२८ ला ओस्त्रावाला न्यूमोनियानं गेला, तेव्हाही एक ऑपेरा टेबलावर होता.

इथल्या कुणी त्याला ऐकलं असेल तर जरूर लिहा.

मंद्रसप्तक

फार सुंदर लिहिलंयस. चेक संगीत म्हणजे माझ्यापुरतं द्वोर्झाक आणि स्मेताना, यानाचेक फक्त नावानं माहीत. आज सकाळी 'येनूफा'चा पहिला अंक ऐकला. दोन गोष्टी विचारतो.

एक, या वह्यांमधल्या सुरावटी त्यानं ऑपेरात जशाच्या तशा वापरल्या का?

दुसरं, माझा कान ख्यालाचा. काही ठिकाणी तीव्र मध्यम आणि लगेच कोमल निषाद असं लागोपाठ ऐकू आलं आणि मला सरस्वती रागाची आठवण झाली. हा माझ्या कानाचा खेळ की खरंच तसं आहे?

दहिवर

धन्यवाद मंद्रसप्तक. पहिल्या प्रश्नाबाबत खूप जणांचा गैरसमज होतो, माझाही होता. नाही, उचलून चिकटवल्या नाहीत. तसं करणं त्याला दुसऱ्याचं काही ओरबाडून घेतल्यासारखं वाटे. चित्रकार रोज रस्त्यावर बसून माणसांची रेखाटनं करतो, पण मोठं चित्र काढताना त्यातलं एखादं रेखाटन कापून डकवत नाही. हात मात्र त्या रेखाटनांनी तयार झालेला असतो. तसं आहे हे. म्हणून त्याच्या ऑपेरात लांबलचक आळवलेली ओळ क्वचितच येते. तीन-चार स्वरांचा तुकडा येतो, परत येतो, जरा बदलून येतो, आणि मध्येच तुटतो. आपण खरंच असंच बोलतो. आईला काही कबूल करायचं असतं तेव्हा कुणी पूर्ण वाक्यात बोलत नाही.

दुसऱ्याबाबत, तुझ्या कानाचा खेळ नाही. पूर्व मोरावियाच्या लोकगीतांत चढता मध्यम आणि उतरता निषाद दोन्ही सापडतात. यानाचेकनं ती गाणी गावोगाव फिरून गोळा केली. फ्रांतिशेक बार्तोशबरोबर त्यानं काढलेल्या संग्रहात २०५७ गाणी आणि नाच आहेत. १९०९ पासून फोनोग्राफ घेऊन ध्वनिमुद्रणही केलं. पण राग शोधत ऐकू नकोस असं सुचवेन. तो एका स्वरावर फार वेळ थांबत नाही. सरस्वतीची वाट बघत बसलास तर तो कधीच पुढच्या वळणावर गेलेला असेल.

रानजाई

पक्षीनिरीक्षक म्हणून एक भर घालते. दहिवरनं पियानोच्या तुकड्यांबद्दल लिहिलं नाही, पण मी यानाचेकपाशी पोचले ती एका घुबडामुळे. 'गवत वाढलेल्या पायवाटेवर' असं काहीसं नाव असलेल्या मालिकेतल्या पहिल्या दहा तुकड्यांपैकी शेवटच्याचं नाव आहे 'सीचेक उडून गेला नाही'. इंग्रजी कॅसेटवर ते 'गव्हाणी घुबड' असं छापलं होतं. पण सीचेक म्हणजे अथेना नोक्टुआ, आपल्या पिंगळ्याचा सख्खा भाऊ. आपला तो अथेना ब्रामा. जात वेगळी, पण वंश (जीनस) एकच, तसंच गोल डोकं, तशीच रोखून बघायची सवय.

तिकडे समजूत अशी की आजाऱ्याच्या खिडकीशी सीचेक ओरडला आणि हाकलूनही गेला नाही, तर माणूस वाचत नाही. आमच्या गावाकडेही पिंगळा घरावर बोलला की आजोबा उठून त्याला हुसकायचे. त्या तुकड्यात आधी पंखांची फडफड येते, मग दोन स्वरांची उतरती हाक, मग प्रार्थनेसारखी एक शांत ओळ, जणू घरातली माणसं देवाला विनवताहेत. आणि परत हाक. ओल्गाबद्दल आज कळलं. आता तो तुकडा कसा ऐकायचा ते मला समजत नाहीये.

दहिवर

रानजाई, पिंगळ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मी इतके दिवस गव्हाणीच समजत होते.

त्या मालिकेतले सुरुवातीचे काही तुकडे आधी हार्मोनियमसाठी लिहिले गेले होते, पायानं भाता मारायच्या त्या. संगीत नाटकवाले जिला पायपेटी म्हणत तीच जात. चर्च नसलेल्या वाड्यावस्तीवर, शाळेत, घरात असायची. पुढे यानाचेकनं त्यात भर घातली आणि मालिका पियानोची झाली. आणि नावामागे एक लग्नगीत आहे. त्यात नवरी म्हणते, आईकडे जाणारी माझी पायवाट बारीक गवतानं झाकून गेली.

ओसरी

दहिवर, ही शेवटची ओळ वाचून मी काम सोडून बसले. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या वाटेवर काय काय उगवतं, ते आमच्या घरातल्या बायकांनी गायलेलं मी ऐकलंय. त्या वाटेवर हा माणूस मुलीला शोधत गेला.

पण मला एक बोलायचंच आहे. वरच्या लेखात त्याच्या बायकोचं नाव एकदाही आलेलं नाही.

तिचं नाव झ्देंका. लग्न झालं १८८१ च्या जुलैमध्ये, तेव्हा ती १६ वर्षांचीही पुरती नव्हती. तो २७ वर्षांचा, तिचा पियानोशिक्षक. तिचं माहेर जर्मन बोलणारं, आणि यानाचेक कट्टर चेक. नव्या घरात तिनं चेकच बोलायचं हा त्याचा आग्रह. मुलगी झाल्यावर दोन वर्षं ती माहेरी राहिली, मग परत आली. दोन्ही मुलं तिनंही गमावली, फक्त त्याच्या एकट्याची गेली नाहीत. १९१६ मध्ये 'येनूफा' प्रागला गाजला, आणि त्यात काम करणाऱ्या गाब्रिएला होर्वातोव्हा या गायिकेशी त्याचं प्रकरण सुरू झालं. झ्देंकानं जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे कोर्टाबाहेर करार करून एकाच घरात वेगळे राहिले. त्यानंतर कामिला आली.

झ्देंकानं म्हातारपणी आपल्या आठवणी सांगून लिहवून घेतल्या आहेत. त्यात राग आहे, पण त्याच्या संगीताबद्दलची ओढही आहे. तीच मला सहन होत नाही. बोलण्यातला प्रत्येक चढउतार ज्याला ऐकू येत होता, त्याला घरातल्या बाईच्या आवाजातलं दुःख ऐकू आलं नाही?

दहिवर

ओसरी, चूक माझी. तिचं नाव यायला हवं होतं.

ऑर्गन शाळेच्या आवारात एक छोटं बैठं घर आहे, १९१० पासून ते शेवटपर्यंत दोघं तिथेच राहिली. आता संग्रहालय आहे. त्याचा एर्बार पियानो तिथे आहे. मी गेले तेव्हा पियानो बघितला, टेबल बघितलं, बाहेर आले, आणि तिचा विचारही माझ्या मनात आला नाही. परत जाईन तेव्हा तो नक्की असेल.

तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे बचाव नाही. ऐकू येत होतं, असंच मला वाटतं. ऐकू येणं आणि ऐकणं यांत फरक आहे, आणि त्यानं बाहेर जे केलं ते घरात केलं नाही.

कामिलाबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही. १९१७ च्या उन्हाळ्यात लुहाचोवित्से या झऱ्यांच्या गावी ती भेटली. वय २५, लग्न झालेलं, पदरी मुलगे. तो ६३ वर्षांचा. पुढच्या ११ वर्षांत त्यानं तिला ७०० हून जास्त पत्रं लिहिली. तिला त्याच्या संगीतात फारसा रस नव्हता, आणि बराच काळ तिनं त्याला हातभर दूरच ठेवलं. पण कात्या, कोल्हीण, 'माक्रोपुलोस'मधली ३३७ वर्षांची ती थकलेली गायिका, सगळ्यांमध्ये कामिला आहे असं तोच तिला लिहितो. १९२८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, जेमतेम तीन आठवड्यांत त्यानं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं, नाव 'खाजगी पत्रं'. मी ते ऐकते तेव्हा भारावते, आणि आता तुझं वाचल्यावर पुढच्या खोलीत झ्देंका बसलेलीही दिसेल. दोन्ही खरं आहे.

तिसरी घंटा

नाटकवाला आहे, म्हणून 'येनूफा'च्या संहितेवर लिहितो.

मूळ नाटक गाब्रिएला प्रेइसोव्हाचं. गिरणीवरची येनूफा श्तेवापासून गरोदर आहे. श्तेवा दारुडा आणि देखणा. त्याचा सावत्र भाऊ लात्सा तिच्यावर प्रेम करतो आणि मत्सरानं तिच्या गालावर चाकू ओढतो. येनूफाची सावत्र आई, जिला गाव कोस्तेल्निच्का म्हणतं, म्हणजे देवळाची व्यवस्था बघणारी मानाची बाई, ती मुलीला बाळंतपणासाठी लपवून ठेवते. श्तेवा लग्नाला नाही म्हणतो, लात्सा मुलाचं ऐकून कचरतो. तेव्हा कोस्तेल्निच्का ते तान्हं मूल उचलते आणि बर्फाखालच्या पाण्यात सोडून येते. वसंतात बर्फ वितळतं, आणि ऐन लग्नाच्या दिवशी मूल सापडतं.

यात खलनायक शोधायला जागा नाही. कोस्तेल्निच्का मूल घेऊन बाहेर पडण्याआधी जे गाते त्यात अब्रू, माया आणि भीती एकमेकींना ढकलत राहतात. आणि शेवटी येनूफा तिला माफ करते. ते माफ करणं मला आजवर कुठल्याही नाटकात इतकं पटलेलं नाही.

आणखी एक. यानाचेकनं संहिता पद्यात बांधून घेतली नाही. नाटकातलं गद्यच काटछाट करून घेतलं आणि ते गद्य गाण्यात आणलं. आपल्या संगीत नाटकात गद्य बोललं जातं, मग पेटीचा सूर येतो आणि पद सुरू होतं. प्रेक्षकाला शिवण दिसते, आणि ती त्याला हवीही असते. इथे शिवणच नाही. 'दार लाव' हेसुद्धा गायचंच आहे, आणि ते ऐकताना गाणं वाटता कामा नये. नटासाठी ही फार अवघड गोष्ट आहे.

घाटमाथा

इंजिनिअर माणूस, संगीतातलं शास्त्र कळत नाही. पण सिंफोनिएत्ता ऐकून आठवडाभर डोक्यात तेच वाजत होतं. सुरुवातीला ती पितळी वाद्यांची भिंतच उभी राहते. मोजायला गेलो तर एकूण १२ ट्रंपेट! शिवाय २ बास ट्रंपेट वेगळे. एवढे कशाला लागले?

आणि अगदी नवख्यानं सुरुवात कुठून करावी?

दहिवर

सिंफोनिएत्ता १९२६ ची, प्रागला सोकोल या व्यायामसंघाचा मोठा मेळावा होता त्यासाठी. कल्पनेचं मूळ मात्र पीसेक गावच्या बागेत ऐकलेल्या लष्करी बँडमध्ये आहे, कामिला तिथली. पहिल्या भागात फक्त पितळी वाद्यं आणि टिंपनी, बाकी वाद्यवृंद गप्प बसून असतो. पुढच्या भागांना त्यानं बर्नोच्या जागांची नावं दिली : किल्ला, राणीचा मठ, रस्ता, नगरभवन. राणीचा मठ म्हणजे तो लहानपणी राहिला तोच. घरापासून तुटलेला, थंडीत कुडकुडणारा मुलगा म्हणून ज्या शहरात आला, ते शहर आता स्वतंत्र देशात आहे. मला तरी त्या १२ ट्रंपेटमध्ये तेच ऐकू येतं.

इंजिनिअर आहेस म्हणून सांगते, उतारवयात तो छापील स्वरलेखनाचा कागद वापरत नसे. कोरा कागद घेऊन हातानं रेघा आखायचा, आणि ज्या वाद्याला त्या क्षणी काम आहे तेवढ्याच. छापील रेघा रिकाम्या दिसल्या की भरायचा मोह होतो, तो त्याला नको होता. त्याच्या वाद्यवृंदात वर चिरकणाऱ्या बासऱ्या आणि खाली गुरगुरणारे ट्रॉम्बोन, मध्ये मोकळं आभाळ, असं जे ऐकू येतं त्याला ही सवय कारण आहे.

सुरुवात सिंफोनिएत्तानं झालीच आहे. आता कोल्हिणीचा ऑपेरा बघ, चित्रफितीसह. 'लिदोव्हे नोव्हिनी' या दैनिकात १९२० मध्ये रुडोल्फ त्येस्नोह्लीदेकची चित्रांसकट चालणारी गोष्ट येत होती. घरात काम करणारी मारी स्तेयस्कालोव्हा ती वाचून खुदखुदत असताना यानाचेकनं विचारलं, काय गं, काय आहे? तिथून ऑपेरा झाला. शेवटच्या दृश्यात म्हातारा वनरक्षक रानात बसतो. एक बेडूक त्याच्याकडे बघतो आणि सांगतो, तुम्ही ओळखता तो मी नव्हे, ते माझे आजोबा. यानाचेकच्या अंत्ययात्रेत हाच प्रवेश वाजवला गेला.

त्यानंतर १९०५ चा पियानो सोनाटा. बर्नोत चेक विद्यापीठ हवं म्हणून १ ऑक्टोबर १९०५ ला मोर्चे निघाले, आणि फ्रांतिशेक पावलिक नावाचा २० वर्षांचा कामगार संगिनीनं भोसकला गेला. यानाचेकनं तीन भागांचा सोनाटा लिहिला. पहिल्या प्रयोगाआधी तिसरा भाग त्यानं जाळून टाकला, नंतर उरलेले दोन प्रागला व्ल्तावा नदीत फेकले. वादक लुडमिला तुच्कोव्हानं नक्कल ठेवली होती म्हणून ते वाचले. 'पूर्वसूचना' आणि 'मृत्यू' अशी त्या दोन भागांची नावं आहेत. तिसरा कुणाकडेच नाही.

पैलतीर

भारताशी त्याचा काही धागा आहे का? विचारायचं कारण, आकाशवाणीची जुनी सुरुवातीची धून बांधणारा वॉल्टर कॉफमन हाही बोहेमियातल्या कार्लोव्ही वारीचाच. ज्यू असल्यामुळे नाझींच्या सावटात १९३४ मध्ये मुंबईला आला, बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली, आकाशवाणीत नोकरी केली, आणि पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. माझे वडील पहाटे रेडिओ लावायचे, तेव्हा बातम्यांच्याही आधी तीच धून घरात यायची. यानाचेक आपल्याकडे पोचला का कधी?

दहिवर

तो आला नाही, पण इकडून एक जण त्याच्यापर्यंत पोचला. रवींद्रनाथ.

जून १९२१ मध्ये टागोर प्रागला व्याख्यानाला आले, आणि श्रोत्यांत यानाचेक होता. त्यानं काय केलं असेल, ओळखा. वही काढली आणि टागोरांच्या बोलण्याची सुरावट लिहून घेतली. भाषा कळत नव्हती. 'लिदोव्हे नोव्हिनी'त त्यावर लेख लिहिला, त्यात ती स्वरलिपीही आहे. पुढच्या वर्षी त्यानं टागोरांच्या कवितेवर पुरुषांच्या समूहस्वरासाठी रचना केली, 'पोतुल्नी शिलेनेत्स', म्हणजे भटका वेडा. परीस शोधत समुद्रकाठी हिंडणारा माणूस. खडा उचलायचा, कमरेच्या साखळीला लावून बघायचा आणि फेकून द्यायचा, अशी वर्षानुवर्षांची सवय. एक दिवस खेड्यातला पोरगा विचारतो, ही सोन्याची साखळी कुठून आणलीस? लोखंडाचं सोनं कधी झालं ते त्याला कळलंच नव्हतं. तो मागे वळतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो.

यानाचेकच्या थडग्यावरच्या दगडात याच रचनेतली एक ओळ स्वरांसकट कोरली आहे. ऐकलंय, पाहिलेलं नाही. शनिवारी जाते.

मंद्रसप्तक

काल रात्री 'खाजगी पत्रं' दोनदा ऐकलं. पहिल्याच भागात व्हायोला तंतूंच्या अगदी घोडीजवळ वाजतो, आवाज काचेवर नख ओढल्यासारखा. मला वाटलं ध्वनिमुद्रण खराब आहे. मग लक्षात आलं, तो सूर तसाच हवा आहे. कुणीतरी अनोळखी दारात उभं आहे आणि आत बोलवायचं की नाही ठरत नाही, असा. ख्यालात आपण आवाज लागण्यासाठी वर्षं घालवतो. न लागलेला आवाजही मुद्दाम लिहिता येतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ओसरीचा प्रतिसादही ऐकताना सोबत होता.

दहिवर

आज जाऊन आले. मध्यवर्ती दफनभूमी ट्रामनं पंधरा मिनिटांवर आहे. पाऊस भुरभुरत होता. मेंडेलही तिथेच आहे.

दगडावर स्वर आहेत आणि खाली चेक शब्द. गेलेली शक्ती, धुळीला मिळालेलं हृदय, मुळासकट उपटलेल्या झाडासारखा, असा अर्थ. टागोरांची बंगाली कविता इंग्रजीतून चेकमध्ये आली आणि इथे मोरावियाच्या मातीत उभी आहे.

मी ती ओळ हळू आवाजात वाचत होते. शेजारच्या थडग्यावरची पानं झाडणारी एक म्हातारी थांबली आणि माझा एक शब्द तिनं दुरुस्त केला. दीर्घ स्वर मी ऱ्हस्व म्हटला होता. तिनं म्हणून दाखवला, मी म्हटला, तिनं मान हलवून परत म्हटला. तिसऱ्यांदा जमला. "तक," म्हणाली ती, आणि पानं झाडायला लागली. त्या एका अक्षरात तिचा आवाज वरून सुरू झाला आणि सावकाश उतरत अगदी खाली टेकला.

ट्राममध्ये बसल्यावर पाकिटाच्या मागे लिहून ठेवलाय. घरी जाऊन पेटीवर लावून बघते.